सीलसारखी डॉल्फिनचीही ओळखवही करता येईल का? (हर्णै–आंजर्ले किनारा)

केतकीबन
नमस्कार मंडळी. ब्रिटनच्या किनाऱ्यावर स्वयंसेवक कड्यावर बसून दुर्बिणीतून ग्रे सील बघतात, फोटो काढतात आणि अंगावरच्या ठिपक्यांवरून एकेक सील ओळखून त्याची वही ठेवतात. आपल्याकडे सील नाहीत, पण डॉल्फिन किनाऱ्याला लागूनच फिरतात. आम्ही नऊजण आहोत. हिवाळ्यात कासवांच्या घरट्यांचं काम असतंच, त्यामुळे पहाटे किनाऱ्यावर माणसं असतात. साधनं म्हणाल तर ८×४२ च्या दोन दुर्बिणी, एक १०×५० आणि ७०–३०० लेन्सचा एक कॅमेरा.

विचारायचं ते हे: किनाऱ्यावरून फोटो काढून डॉल्फिन ओळखता येतात का? ओळखायचं कशावरून? नोंद कशी ठेवायची, म्हणजे पुढे कुणा अभ्यासकाला ती वापरता येईल? आणि बोटीवर जायचंच झालं तर काय पाळायचं?

दीपगृह
केतकीताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ठिकाणी "नाही" असंच आहे. का ते समजून घेतलंत तर पुढचं नियोजन सोपं जाईल.

सील खडपावर तासन्‌तास पडून राहतो. त्याची मान आणि कूस समोर असते, मादीच्या फिकट अंगावर गडद डाग असतात आणि ते जन्मभर तसेच राहतात. म्हणून कड्यावरून स्पॉटिंग स्कोप (तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण) लावून काम भागतं. डॉल्फिनची पाठीवरची फिन पाण्याबाहेर दिसते एक-दोन सेकंद, आणि तिच्या मागच्या कडेला असलेली खाच असते सेंटीमीटरभराची, फार तर दोन-तीन सेंटीमीटरची.

आता हिशेब करा. ४०० मिमी लेन्स आणि सेन्सरवरचा एक पिक्सेल ४ मायक्रॉनचा धरला, तर १०० मीटरवर एका पिक्सेलमध्ये १ मिलिमीटर मावतो. २ सेंमीची खाच मग २० पिक्सेलची दिसते, म्हणजे ओळखण्याजोगी. ५०० मीटरवर तीच खाच ४ पिक्सेल होते आणि १ किलोमीटरवर २. त्यात दहा वाजल्यानंतर पाण्यावरची हवा थरथरायला लागली की कड पूर्ण विरघळते. तुमची लेन्स ३०० ची, त्यामुळे याहून पाऊणपटच मिळेल. मेगापिक्सेल वाढवून किंवा घरी येऊन फोटो शार्प करून गेलेली खाच परत येत नाही. उलट नसलेली खाच तयार होते, आणि ते जास्त वाईट.

म्हणून कामाचे दोन भाग करा. उंचावरून डॉल्फिन कुठे, कधी, किती आणि पिल्लं आहेत का याची गणना. ओळखीचे फोटो बोटीवरून, ५० ते १०० मीटरवरून. जनावरं खाडीच्या मुखात शिरतात तिथे जेटीच्या टोकावरून कधीकधी हे अंतर मिळतं. तेवढीच सूट समजा.

सीलच्या कामातून उचलण्यासारखी एक गोष्ट मात्र नक्की आहे. तिथे डावी बाजू आणि उजवी बाजू यांच्या नोंदी वेगळ्या ठेवतात, कारण दोन्ही बाजूंचे डाग वेगळे असतात आणि दोन्ही बाजू दिसेपर्यंत एकच सील वहीत दोनदा चढू शकतो. डॉल्फिनच्या फिनची खाच आरपार असते, दोन्ही बाजूंनी तीच दिसते, फक्त उलटी. ओरखडे आणि पांढरे डाग मात्र त्या-त्या बाजूचेच. तेव्हा प्रत्येक फोटोला डावा की उजवा हे लिहिणं सक्तीचं करा.

सडा_आणि_समुद्र
उंचावरच्या गणनेबद्दल लिहितो. आपल्या किनाऱ्याला एक मोठी सोय आहे. समुद्र पश्चिमेला, त्यामुळे सकाळी सूर्य पाठीशी असतो. मतलई वारा असेपर्यंत पाणीही निवांत असतं. खारा वारा सुरू झाला की पांढरे तुरे दिसायला लागतात. असे तुरे अधूनमधून दिसायला लागले म्हणजे वारा मोजायच्या ब्यूफोर्ट मापावर ३. इथे गणना थांबवायची. तुऱ्यांमध्ये फिन हरवते, आणि तुमच्या कागदावर डॉल्फिन "कमी झाले" असं दिसतं. प्रत्यक्षात तुमची नजर कमी पडलेली असते. उजाडल्यापासून साधारण दहापर्यंत, ऑक्टोबर ते मे, हा काळ धरून चला. दुपारनंतर समोरून चकाकी येते. तेव्हा बसूच नका.

जागा २० ते ३० मीटर उंचीची हवी. सड्याची कड, किल्ल्याचा तट, दीपगृहाजवळची टेकडी. ३० मीटरवरून क्षितिज जवळजवळ साडेएकोणीस किलोमीटरवर असतं, पण त्याला भुलू नका. कुबड्या डॉल्फिनचा छोटा कळप खात्रीने दिसतो तो दोन-तीन किलोमीटरच्या आतच.

अंतराचं काय करायचं? बरेच जण फोनमधलं कोन मोजायचं ॲप वापरतात. वापरू नका. ३० मीटर उंचीवरून २ किलोमीटरवरचं जनावर क्षितिजसमांतर रेषेच्या फक्त ०.८६ अंश खाली असतं. फोन अर्धा अंश इकडेतिकडे झाला की तेच अंतर सव्वा किलोमीटर किंवा पावणेपाच किलोमीटर येतं! आत कोन मोजायच्या रेषा कोरलेली ७×५० दुर्बीण असेल तर उत्तम. नसेल तर समुद्राचे सरळ तीन पट्टे करा: समोरच्या सुवर्णदुर्ग किल्ल्याच्या रेषेच्या आत, त्या रेषेपासून अमुक बोयापर्यंत (तरंगत्या खुणेपर्यंत), आणि त्यापलीकडे. खुणांची अंतरं नकाशावर एकदाच मोजून ठेवा. ढोबळ पण खरा पट्टा हा बारीक पण खोट्या आकड्यापेक्षा कामाचा.

कोनावरून अंतर काढणार असाल तर भरती-ओहोटी धरावीच लागते. पाणी २ मीटर चढलं तर ३० मीटरच्या कड्यावर ७ टक्क्यांची चूक होते, १० मीटरच्या बुरुजावर २० टक्क्यांची. भरतीची वेळ पंचांगावरून निघते, तिथीची पाऊणपट: अष्टमीला सहाला, द्वादशीला नऊला. किनाऱ्यावर लहानपणापासून पाठ असलेला हा हिशेब कागदावर "भरती चढती की उतरती" लिहायला पुरतो. पाण्याची नेमकी उंची हवी असेल तर छापील कोष्टकच बघा.

बसायची पद्धत: एका पाळीला तिघं. दोघं बघणारे, एक लिहिणारा. एकाने डावीकडून मध्यापर्यंत, दुसऱ्याने मध्यापासून उजवीकडे. दुर्बीण सावकाश सरकवायची, किनाऱ्याजवळचा पट्टा आधी, मग बाहेरचा. १५ मिनिटं बघायचं, ५ मिनिटं डोळे मिटून विश्रांती, मग जागा बदल. दोन तासांहून जास्त कुणीही बसायचं नाही. डॉल्फिन काही मिनिटं बुडून राहू शकतात, म्हणून नजर भरभर फिरवलीत तर पूर्ण कळप हातचा जातो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, शून्याची नोंद. दोन तास बसलात आणि काही दिसलं नाही तरी तारीख, सुरुवात, शेवट, वारा, चकाकी, बघणाऱ्यांची संख्या, "डॉल्फिन ०" हे लिहायचंच. नुसत्या "दिसले" अशा शंभर नोंदींतून काहीच निघत नाही, कारण किती तास बसून ते दिसले हे कळत नाही. स्वयंसेवकांच्या बहुतेक वह्या इथेच वाया जातात.

मालवणी_पात
वरचं सगळं बरोबर. मी जनावरं आणि बोटीबद्दल भर घालतो.

किनाऱ्याजवळ दिसतो तो कुबड्या डॉल्फिन, शास्त्रीय नाव सूसा प्लंबिया. २०१४ पासून तो स्वतंत्र प्रजात मानला जातो आणि आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत 'संकटग्रस्त' आहे. रंग शिशासारखा करडा, पाठीवर लांबट कुबड आणि त्या कुबडावर बसलेली लहान फिन. वर येताना आधी लांब चोच तिरकी बाहेर येते, मग डोकं, मग कुबड, आणि पाठ कमानीसारखी वळते. दुसरा बॉटलनोज डॉल्फिन, त्याला कुबड नसतं. त्याची फिन उंच, मागे वळलेली, कोयत्याच्या पात्यासारखी. तो बहुधा बाहेरच्या खोल पाण्यात.

तिसरा पाहुणा फिनलेस पॉर्पॉइज. जुन्या पुस्तकांत याचं मराठी नाव भुलगा असं दिलंय. दीड मीटरच्या आसपासचं जनावर, पाठीवर फिनच नाही, चोच नाही, डोकं गोल. पाण्याबाहेर पाठ जेमतेम लोळते आणि संपलं. फिन नाही म्हणजे ओळखवहीत त्याला जागा नाही. त्याची फक्त संख्या घ्या. लांबून दिसलेलं "बिनफिनीचं पिल्लू" म्हणजे बरेचदा भुलगाच असतो. आजूबाजूला मोठी जनावरं आहेत का, ते बघा. डॉल्फिनचं पिल्लू आईच्या कुशीला चिकटून, जवळजवळ तिच्याबरोबरच वर येतं. नुकतं जन्मलेलं असेल तर अंगावर उभ्या फिकट वळ्या दिसतात.

कळपाची संख्या तीन आकड्यांत लिहा: कमीत कमी, जास्तीत जास्त, आणि तुमचा अंदाज. "सात-आठ असतील" असं लिहू नका.

बोटीवर: तांडेलाला निघण्याआधीच सांगून ठेवा की पाठलाग नाही. कळपाच्या बाजूने, समांतर, त्यांच्याच वेगाने जायचं. समोरून आडवं जायचं नाही, मागून ढकलत न्यायचं नाही. ५० मीटरच्या आत आपण शिरायचं नाही. ते स्वतःहून आले तर इंजिन न्यूट्रलला. एका कळपाजवळ एकच बोट आणि २० मिनिटं, मग निघायचं. पिल्लू आणि आई यांच्या मधे कधीही बोट घालू नका. जनावरं लांब बुडी मारून भलतीकडेच वर यायला लागली किंवा एकत्र दाटून सरळ बाहेर निघाली, की ते तुम्हाला चुकवताहेत. तिथेच काम थांबवा. असे फोटो तसेही वाईट येतात, कारण तुमच्याकडे पाठच फिरलेली असते.

पर्यटकांच्या बोटीवरून फोटो मिळतात, पण त्या रोज त्याच जागी, त्याच वेळी जातात. त्यावरून "इथे एवढेच आहेत" असं म्हणता येणार नाही. नोंदीत बोटीचा प्रकार लिहा. जवळ ट्रॉलर किंवा रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) आहे का तेही लिहा. जाळं ओढताना त्याच्यामागे खायला आलेले डॉल्फिन आणि मोकळे फिरणारे डॉल्फिन एकाच रकान्यात टाकू नयेत.

सगळ्या देवमासे-डॉल्फिनांना वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या अनुसूची १ चं संरक्षण आहे. मुद्दाम त्यांच्यामागे बोट नेणार असाल तर आधी वनविभागाच्या कांदळवन कक्षाशी बोलून रीतसर परवानगीचं बघा. ड्रोनला तर त्याशिवाय हात लावू नका.

केतकीबन
खूप उपयोगी पडलं, मंडळी. एक अडचण. आमच्याकडे जानेवारीतला आणि मार्चमधला असे दोन फोटो आहेत. दोन्हीत फिनच्या डाव्या बाजूला तीन समांतर पांढरे ओरखडे दिसतात. गटातले सगळे म्हणतात एकच जनावर. पण मागची कड जानेवारीत सरळ वाटते आणि मार्चमध्ये वरच्या भागात छोटी खाच आहे. काय मानायचं? फोटो आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून घेतलेले आहेत.

फिनची_कड
आधी ते व्हॉट्सॲपचे फोटो बाजूला ठेवा आणि ज्याने काढले त्याच्याकडून मूळ फाइल कार्डावरून घ्या. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि त्यातली वेळेची माहिती निघून जाते. जानेवारीतली "सरळ" कड ही दाबलेल्या फोटोत बुजलेली खाचही असू शकते. पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आता ओरखडे. समांतर पांढऱ्या रेषा म्हणजे दुसऱ्या डॉल्फिनच्या दातांचे ओरखडे. ते जवळजवळ प्रत्येकाच्या अंगावर असतात आणि काही महिन्यांत फिके होतात. त्यामुळे केवळ त्यावर जुळणी करायची नाही. गोलसर फिकट चट्टेही त्वचेच्या आजाराचे असू शकतात, तेही येतात-जातात. भरवशाचं काय, तर मागच्या कडेच्या खाचा, तुटलेलं टोक, जाळ्याच्या दोरीने किंवा बोटीच्या पंख्याने कापलेली खोल जखम, आणि फिनचा एकूण आकार. खाच भरून येत नाही, पण नवी पडू शकते. म्हणजे जानेवारीत खाच होती आणि मार्चमध्ये नाही, तर ती दोन वेगळी जनावरं. तुमच्या बाबतीत उलट आहे, म्हणून एकच असण्याची शक्यता उरते. शक्यता उरणं म्हणजे जुळणी नव्हे. मूळ फाइल बघून कडेचं दुसरं काही जुळलं नाही तर "अनिर्णित" लिहा आणि दोन्ही फोटो जपून ठेवा.

जुळवताना असा क्रम ठेवा. फिनच्या टोकापासून बुडापर्यंत मागची कड बोटाने उतरत या. पहिली खाच वरून किती अंतरावर, उथळ की खोल, तिची वरची कड टोकदार की गोल. मग दुसरी. खाचांमधल्या अंतरांचं गुणोत्तर बघा, कारण फोटो लहान-मोठा झाला तरी ते बदलत नाही. मात्र फिन तिरकी असेल तर आकार आकसतो आणि खाच झाकली जाते. म्हणून कोन बघितल्याशिवाय निर्णय नाही. दोघांनी वेगवेगळे बसून, एकमेकांना न सांगता जुळवायचं. दोघांचं एकमत झालं तरच वहीत चढवायचं. ग्रुपवर फोटो टाकून "हाच ना?" विचारलंत की सगळे "हो" म्हणतात. तुमच्याकडे तेच झालंय.

प्रत्येक फोटोला दोन वेगळे दर्जे द्या. एक फोटोचा: फोकस, कोन, चकाकी, फिन पूर्ण दिसते का. दुसरा खुणांचा: ठळक, मध्यम, काहीच नाही. हे दोन एकमेकांत मिसळणं ही सगळ्यात सर्रास होणारी चूक आहे. खूण ठळक आहे म्हणून धूसर फोटो चालवून घेतला जातो, आणि मग साध्या फिनवाल्या जनावरांपेक्षा ठळक खुणांवाली जास्त वेळा "दिसतात". धूसर ते धूसर, कितीही ओळखीचं वाटो.

कॅमेरा: शटर १/१००० सेकंदापेक्षा सावकाश नको, १/१६०० मिळालं तर छान. सलग फोटो, सतत फोकस, ऊन पाठीशी. फिनला काटकोनात या. सर्वांत आधी बोटीवर जीपीएसच्या पडद्याचा एक फोटो घ्या, म्हणजे कॅमेऱ्याचं घड्याळ किती पुढेमागे आहे ते कळतं. एक कळप संपला की आपल्या हाताच्या पंजाचा फोटो घ्या. संध्याकाळी फायली चाळताना कळप कुठे बदलला ते त्या पंजावरून लगेच दिसतं. आणि सुंदर खाचवालाच टिपू नका, समोर येईल ती प्रत्येक फिन टिपा, दोन्ही बाजूंनी. कळपात किती जणांना खुणा आहेत हे प्रमाण पुढे एकूण संख्येचा अंदाज काढताना लागणार आहे.

ते असं. समजा पहिल्या फेरीत खुणांवाली २० वेगळी जनावरं ओळखली. दुसऱ्या फेरीत २५, त्यातली १० आधीचीच. मग खुणांवाल्यांचा अंदाज २० × २५ ÷ १० = ५०. चांगल्या फोटोंतल्या फिनांपैकी ६० टक्क्यांना खुणा असतील तर एकूण ५० ÷ ०.६, म्हणजे ८३ च्या आसपास. आता त्या १० पैकी २ जुळण्या चुकून हुकल्या असं धरा. २० × २५ ÷ ८ = ६२.५, आणि एकूण आकडा १०४ वर जातो. दोन फोटोंच्या आळसाने किनाऱ्यावर २१ डॉल्फिन वाढले. म्हणून मी फोटोच्या दर्जावर एवढा अडून बसतो. हे सूत्र दोन फेऱ्यांच्या मधे जनावरं आली-गेली नाहीत असं धरतं. उघड्या समुद्रात ते पूर्ण खरं नसतं, तेव्हा फेऱ्या एकाच हंगामात ठेवा आणि आकडा पेपरात देण्याआधी संख्याशास्त्र जाणणाऱ्याला दाखवा.

सडा_आणि_समुद्र
एक राहिलं. तुम्ही पहाटे किनाऱ्यावर असता, त्यामुळे वाहून आलेलं जनावर आधी तुम्हालाच दिसणार. जिवंत असेल तर लगेच वनविभागाला १९२६ वर फोन. माणसं येईपर्यंत त्याला पोटावर ठेवा, छातीच्या दोन्ही बाजूंच्या परांखाली वाळूत खड्डे करा म्हणजे वजन त्यांवर येत नाही. अंगावर ओलं सुती कापड आणि सावली. डोक्यावरचं श्वासाचं छिद्र कापडाने झाकायचं नाही, त्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. शेपटीला धरून ओढायचं नाही, आणि घाईने परत पाण्यात लोटायचंही नाही. बघ्यांना लांब ठेवणं हे एकाचं पूर्णवेळ काम समजा.

मेलेलं असेल तर हातमोज्यांशिवाय हात नको. लांबी वरच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत, सरळ रेषेत. पोटाच्या फुगीरावरून टेप नेला तर चुकते. दात दिसत असतील तर जवळून फोटो घ्या. डॉल्फिनचे दात सुळ्यासारखे निमुळते, भुलग्याचे फावड्याच्या पात्यासारखे चपटे. आणि फिनचा फोटो दोन्ही बाजूंनी, काटकोनात, शेजारी मोजपट्टी ठेवून. कातडी सोलली की डाग, ओरखडे जातात, पण कडेच्या खाचा बऱ्याच दिवस टिकतात. वहीतलं कोण गेलं ते तेवढ्यावरून कळू शकतं.

केतकीबन
कार्डावरून मूळ फायली मिळाल्या. जानेवारीच्या फोटोत खाच आहे, पण फिन तिरकी आहे, म्हणून आम्ही दोघांनी वेगवेगळं बघून "अनिर्णित" लिहिलं. क्रमांक कसे द्यावेत?

फिनची_कड
किनाऱ्याचं नाव आणि सलग अंक: हर्णै-००१, हर्णै-००२. "तुटक्या", "राणी" अशी नावं बोलताना ठेवा, वहीत नको. टोपणनाव मनात बसलं की पुढच्या फोटोत तीच दिसायला लागते. दिलेला क्रमांक पुन्हा कुणाला द्यायचा नाही. दोन क्रमांक एकाच जनावराचे निघाले तर लहान ठेवायचा, मोठ्यासमोर "विलीन", तारीख आणि दोन्ही तपासणाऱ्यांची आद्याक्षरं लिहायची. खोडायचं काहीच नाही. आणि त्या अनिर्णित फोटोंना क्रमांक देऊ नका. त्यांचा फोल्डर वेगळा ठेवा आणि उजव्या बाजूचा चांगला फोटो मिळाला की पुन्हा उघडा.